सळई शाबूत, पकड सुटलेली: दादरच्या एका बीमचं प्रकरण

इमारत दादर पश्चिमेची, समुद्रापासून चालत पाच-सात मिनिटांवर. खाली स्टिल्ट पार्किंग, वर चार मजले, बांधकाम १९८१ चं. काँक्रीट एम १५; हा आकडा ताकदीची प्रत सांगतो, जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत. पोलाद त्या काळात सर्रास वापरलं जायचं तेच, म्हणजे टोर: थंड असतानाच पिळ दिलेली, अंगावर उंचवटे असलेली सळई. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीला महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ बी प्रमाणे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा स्थैर्याचा दाखला लागतो आणि सोसायटीच्या उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी ऑडिट करून घ्यावं लागतं. त्या ऑडिटसाठी ही इमारत आमच्याकडे आली. सोसायटी कोणती हे सांगत नाही, त्याची गरजही नाही. माहीम ते वरळी या पट्ट्यात अशा इमारती गल्लोगल्ली उभ्या आहेत.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एक वाक्य आहे. जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या बैठकीत ते ऐकू येतं आणि कधीकधी आमच्याच व्यवसायातले लोकही ते बोलतात: "सळई तर अजून चांगली जाड आहे." गंज म्हणजे सळईची झीज, आणि झीज कमी तर धोका कमी, असा त्यामागचा हिशेब असतो. बीमच्या मध्यावर हा हिशेब बऱ्याच अंशी चालून जातो. बीमच्या टोकाला मात्र तो माणसांच्या जिवावर बेतू शकतो. तिथे सळई बारीक होण्याच्या खूप आधी तिची काँक्रीटवरची पकड सुटलेली असते.

दाखवलेली जागा आणि न दाखवलेली जागा

कमिटीने आम्हाला आधी पार्किंगच्या छताखाली नेलं. मधल्या पॅनलमध्ये स्लॅबच्या तळाचं प्लास्टर आणि कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं आवरण, पडून दीड-दोन चौरस मीटर भाग उघडा झाला होता. १० मिमीच्या सळ्या तांबूस होऊन दिसत होत्या, खाली गाडीवर ताडपत्री टाकलेली होती. येणारा-जाणारा वर बघतच पुढे जायचा. सगळ्यांच्या भीतीचा विषय हाच होता आणि कमिटीच्या कागदावर पहिल्या क्रमांकाला हेच लिहिलेलं होतं.

यादीत नसलेला एक बीम त्याच पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात होता. त्याच्या बरोबर वर पहिल्या मजल्यावरचं संडास-बाथरूम. बीमच्या खालच्या कडेने, कॉलमला लागूनच सुरू होऊन मीटरभर पुढे गेलेली एक आडवी भेग होती. वरून रंग मारलेला असल्यामुळे ती चटकन दिसत नव्हती, पण भेगेच्या कडेला चहासारखा डाग रंगातून वर आला होता. गेजने मोजली तर रुंदी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. काहीही पडलेलं नव्हतं, काहीही लोंबत नव्हतं.

या भेगेची दिशा आधी बघावी लागते. वजनामुळे बीम वाकतो तेव्हा पडणाऱ्या भेगा सळईला आडव्या छेदून वर चढतात, आणि केसाएवढ्या बारीक असतील तर बहुतेक वेळा त्यांचं एवढं काही नसतं. ही भेग सळईच्या अंगाबरोबर, तिच्याच लांबीने धावत होती. अशी भेग सहसा वजनाने पडत नाही. आत सळई फुगते आहे आणि कव्हरला आतून फाडते आहे, एवढाच तिचा अर्थ.

हातोडीने ठोकून पाहिलं. बीमच्या मध्यावर ठणठणीत आवाज, टोकाकडे सरकलो तसा बद्द होत गेला. कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडने हाफ-सेलचे, म्हणजे सळईच्या विद्युत विभवाचे, आकडे घेतले. मधल्या भागात ते उणे २०० मिलीव्होल्टच्या आगेमागे होते, टोकाला उणे ४०० च्या पलीकडे. अमेरिकन मानक एएसटीएम सी ८७६ प्रमाणे उणे ३५० च्या पलीकडे गेलं की गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. अर्थात ओल्या काँक्रीटमध्ये हे आकडे तसेही खाली जातात आणि संडासाखालचा बीम म्हणजे ओला असणारच. म्हणून नुसत्या या आकड्यांवर विसंबून चालत नाही, उघडून बघावंच लागतं.

उघडण्याच्या आधी बीमखाली प्रॉप, म्हणजे तात्पुरते टेकू, लावून घेतले. या मुद्द्यावर मी कधीही तडजोड करत नाही. टोकाची पकड शंकास्पद असताना कव्हर फोडायचं म्हणजे उरलीसुरली पकडही आपल्याच हाताने काढून घेणं. प्रॉप पेव्हर ब्लॉकवर टेकवले नाहीत. ब्लॉक काढून खाली फळ्या टाकल्या, वर पट्टी दिली आणि जॅक कसून घेतले. या कामात अर्धा दिवस गेला म्हणून ठेकेदाराचा माणूस कुरकुरला. त्याचं ऐकण्यासारखं काही नव्हतं.

खिडकीतून काय दिसलं

कॉलमपासून हातभर अंतरावर, वीतभर लांबीचं कव्हर छोट्या छिन्नीने काढलं. भेगेत छिन्नी घातल्यावर फार जोर लावावाच लागला नाही, काँक्रीटची लांबट ढलपी अखंड निघून हातात आली. बाहेर काय निघालं आणि सळईवर काय उरलं, दोन्ही बघण्यासारखं होतं.

चांगल्या बीममधून कव्हर काढलं तर ते तुकड्या-तुकड्यांनी निघतं, आणि आतल्या बाजूला सळईच्या उंचवट्यांचा ठसा स्पष्ट, धारदार उमटलेला असतो. इथल्या ढलपीच्या आतल्या अंगाला ठशाऐवजी तपकिरी-काळ्या पुडीचा थर होता. बोट फिरवलं की ती पूड सुटत होती आणि खाली उंचवट्यांच्या खाचा बोथट होऊन पुसट झालेल्या जाणवत होत्या. सळईवरही तसाच पापुद्रा. नखाने उचकटला की खपल्यांनी निघत होता, आणि दोन उंचवट्यांच्या मधली जागा त्याने भरून काढली होती. सळई आणि काँक्रीट यांच्यामध्ये गंजाची एक मऊ चादर तयार झाली होती, असं म्हटलं तरी चालेल.

तारेच्या ब्रशने सळई स्वच्छ करून उंचवटे टाळून व्हर्नियरने मोजली. इथे एक खबरदारी घ्यावी लागते. १६ मिमी हा वजनावरून ठरलेला नाममात्र व्यास असतो, उंचवट्यांमधला गाभा मुळातच त्याहून थोडा कमी भरतो. म्हणून त्याच सळईचा मध्याकडचा शाबूत भाग उघडून त्याच्याशी तुलना केली. त्रिज्येत सरासरी ०.१५ मिमी झीज निघाली. क्षेत्रफळाच्या हिशेबाने पोलाद गेलं ते चार टक्क्यांच्या आत.

रिंगांची, म्हणजे मुख्य सळ्यांभोवती वेढलेल्या बारीक सळ्यांची, गोष्ट वेगळी होती. ६ मिमीच्या साध्या गोल सळईच्या रिंगा मुख्य सळईच्याही बाहेर असतात, म्हणजे समुद्राची हवा आणि संडासाची ओल आधी त्यांनाच गाठते. खालच्या कोपऱ्यात जिथे रिंग वळते तिथे एक रिंग तुटून दोन तुकडे झालेले होते आणि शेजारची काडीसारखी बारीक झाली होती. ६ मिमीचे ५ मिमी झाले की ३० टक्के पोलाद गेलेलं असतं. मुख्य सळईत तेवढीच, म्हणजे मिलिमीटरभर झीज झाली असती तर नुकसान १२ टक्क्यांच्या आसपास राहिलं असतं.

फोडलेल्या ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फथॅलिन फवारलं. शाबूत, अल्कधर्मी काँक्रीट त्याने लगेच गुलाबी होतं. इथे पृष्ठभागापासून ३५ ते ४० मिमी आतपर्यंत रंगच आला नाही, त्यामागे गुलाबी सुरू झालं. कव्हर होतं जेमतेम २० मिमी. म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची अल्कधर्मिता मारत मारत सळईला केव्हाच ओलांडलं होतं. काँक्रीटचा सामू (पीएच) १२.५ ते १३ असतो तोवर पोलादावर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर टिकून राहतो. तो ९ च्या खाली आला की थर विरतो आणि ओल व प्राणवायू मिळताच गंज सुरू होतो. त्यात समुद्राकडून येणारं क्लोराईड. वेगवेगळ्या खोलीवरच्या भुकटीचे नमुने तपासले तेव्हा क्लोराईडचं प्रमाण पृष्ठभागाजवळ जास्त आणि आत कमी होत गेलेलं मिळालं. ते बाहेरून आत शिरलेलं होतं. बांधताना खारं पाणी किंवा खारी वाळू वापरली असती तर प्रमाण सगळीकडे सारखंच निघालं असतं.

आजच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यालगतच्या उघड्या काँक्रीटला किमान एम ३० आणि ४५ मिमी कव्हर लागतं. १९८१ साली एम १५ आणि २० मिमी यांत कुणाला वावगं वाटत नव्हतं. बांधणाऱ्यांना दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाही. इमारत मुळातच किती थोड्या बळावर समुद्राशेजारी चाळीसेक वर्षं उभी आहे, ते ध्यानात असलेलं बरं.

पकड म्हणजे नेमकं काय

सळई आणि काँक्रीट एकत्र काम करतात ते तीन गोष्टींच्या बळावर. सिमेंट सळईला चिकटलेलं असतं, दोघांमध्ये घर्षण असतं, आणि सळईच्या उंचवट्यांना काँक्रीट अडवून धरतं. चिकटपणा थोड्याशा सरकण्यातच संपतो. उंचवट्यांच्या सळईत खरं काम तिसरी गोष्ट करते. ताण येऊन सळई ओढली जाते तेव्हा प्रत्येक उंचवटा समोरच्या काँक्रीटवर तिरका रेटतो. लाकडात पाचर ठोकली की लाकूड बाजूला फाकू पाहतं, तसं हे तिरकं रेटणं भोवतालच्या काँक्रीटला बाहेर फाकवू पाहतं. फाकू न देण्याचं काम कव्हर करतं, आणि कव्हर फाटलंच तर रिंगा करतात. म्हणजे सळईची पकड खुद्द सळईवर जितकी अवलंबून, तितकीच तिला आवळून धरणाऱ्या कव्हरवर आणि रिंगांवर.

गंज हल्ला करतो तो नेमका या आवळून धरण्यावर. गंजाचं आकारमान मूळ पोलादाच्या दुप्पट ते सहापट असतं. त्याला आत जागा नसते, म्हणून तो कव्हर आतून ढकलतो. कव्हरला तडा जायला किती पोलाद गंजावं लागतं? एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले एक ते पाच भाग, म्हणजे ०.०१ ते ०.०५ मिमी एवढी झीज बहुधा पुरते. उंचवट्यांच्या सळईवर एवढी झीज व्हर्नियरने खात्रीने सांगता येत नाही.

अगदी सुरुवातीला, तडा जाण्याच्या आधी, पकड किंचित वाढते हेही प्रयोगांतून दिसलेलं आहे. फुगणारा गंज काँक्रीटला सळईवर आणखी घट्ट आवळून घेतो. बांधकामाच्या जागी पावसात पडून हलका तांबूस थर आलेली सळई म्हणूनच फेकून द्यायची नसते. सुटणारी खपली झटकली की ती वापरता येते. पण तडा गेला की चित्र फिरतं. कव्हर आवळून धरू शकत नाही, उंचवटे आणि काँक्रीट यांच्यामध्ये भुसभुशीत गंज येतो, आणि पकड झपाट्याने उतरते. त्या टप्प्यावर रिंगा असल्या-नसल्याचा फरक फार मोठा पडतो. प्रयोगांचा साधारण कल असा आहे की एक दशांश मिलिमीटर झीज झाली असता भोवती रिंगा नसलेल्या सळईची पकड निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. रिंगा शाबूत असतील तर त्याच झिजेला दोन-तृतीयांशाहून जास्त पकड शिल्लक राहते.

आता आपला बीम बघा. झीज ०.१५ मिमी, कव्हर फाटलेलं, रिंगा तुटलेल्या. पोलाद ९६ टक्के शिल्लक, आणि पकड निम्मी धरणं हाही उदारपणाच.

टोकाचा हिशेब

सळईने तिचा पूर्ण ताण घ्यावा असं वाटत असेल तर तिला काँक्रीटमध्ये ठरावीक लांबी पकडायला मिळावी लागते. एम १५ काँक्रीटमध्ये १६ मिमीच्या टोर सळईसाठी ही लांबी ९०० मिमीच्या आसपास येते. या बीममध्ये सळई कॉलमच्या आत साधारण १९० मिमी सरळ गेली होती आणि पुढे काटकोनात वळवली होती. वळणाची भरपाई सळईच्या व्यासाच्या आठपट धरतात, म्हणजे १२८ मिमी. दोन्ही मिळून ३२० च्या आसपास. कॉलमच्या आतला हा भाग शाबूत होता, ओल तिथवर गेली नव्हती.

९०० मधून ३२० गेले, राहिले ५८०. पूर्ण पकड असती तर कॉलमच्या कडेपासून ५८० मिमीवर सळई पूर्ण ताण पेलायला तयार झाली असती. पकड निम्मी झाली की तेवढ्याच ताणासाठी दुप्पट, ११६० मिमी लांबी लागते. आणि बीममध्ये ताण कसा वाढत जातो ते आपल्या सोयीने ठरत नाही, वरच्या वजनाने ठरतं.

त्यात त्या काळच्या पद्धतीची एक गोष्ट भर घालते. बीमच्या तळाला मध्यावर चार सळ्या होत्या, पण त्यातल्या दोन क्रँक करून, म्हणजे तिरक्या वर उचलून कॉलमजवळ वरच्या बाजूला नेलेल्या होत्या. १९९० पर्यंतच्या बहुतेक इमारतींत हे असंच सापडतं. म्हणजे टोकाच्या सातशे-आठशे मिलिमीटरमध्ये तळाला उरल्या दोनच सळ्या, आणि दोन्ही कोपऱ्यातल्या, जिथे गंज दोन बाजूंनी येतो. ज्या पट्ट्यात पकड सर्वांत जास्त हवी, तिथेच सळ्या निम्म्या आणि भेग मीटरभर.

मग मध्यावर उघड्या पडलेल्या स्लॅबचं काय? तिथली सळई काँक्रीटपासून सुटलेली असली तरी तिची दोन्ही टोकं बीमपाशी शाबूत काँक्रीटमध्ये घट्ट होती. अशा वेळी काँक्रीट कमानीसारखं दाब घेतं आणि सळई दोन टोकांना बांधलेल्या ताणपट्टीसारखी काम करत राहते. भेगा कमी पण रुंद पडतात, स्लॅब थोडा जास्त वाकतो, पण वजन खाली येत नाही. शिवाय स्लॅब आपला भार आजूबाजूला वाटून घेऊ शकतो. दुरुस्ती हवीच, कारण उघडी सळई वेगाने गंजते आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर काँक्रीटचा तुकडा पडणं हीसुद्धा क्षुल्लक गोष्ट नाही. पण टोकाची पकड गेली की ती ताणपट्टीच सुटते. ते हळूहळू, सूचना देत होत नाही. दिसायला भयंकर जागा आणि खरोखर भयंकर जागा यांतला हा फरक या इमारतीत एकाच छताखाली समोरासमोर होता.

जुना पॅच

याच बीमच्या मध्यावर सात-आठ वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने पॉलिमर मॉर्टरचा पॅच मारलेला होता. पॅच अजून उत्तम होता, ठोकल्यावर ठणठणीत. गंज होता पॅचच्या लगत, कॉलमच्या बाजूला. कमिटीला वाटलं, तेवढीच जागा राहून गेली असेल. कारण वेगळं आहे. दुरुस्तीआधी मध्यावरचा गंजणारा भाग शेजारच्या सळईला एक प्रकारे वाचवत होता, कारण विद्युतरासायनिक क्रियेत गंजणारा भाग अ‍ॅनोड बनतो आणि शेजार कॅथोड म्हणून सुरक्षित राहतो. मध्यावर नवं, अल्कधर्मी मॉर्टर आल्यावर तो भाग सुरक्षित झाला आणि क्लोराईड असलेल्या जुन्या काँक्रीटमधला शेजारचा पट्टा गंजायला लागला. पॅच मारताना क्लोराईड असलेलं काँक्रीट पुरेसं लांबपर्यंत काढलं नाही की गंज पॅचच्या कडेला सरकतो. इथे तो सरकून नेमका बीमच्या टोकाला येऊन बसला.

त्या पॅचमध्ये सळईवर गंजरोधक रंगाचे जाड हात मारलेले दिसले. मध्यावर ते खपून गेलं. पण सळईवर आवरण चढवलं की पकड कमी होते, म्हणूनच इपॉक्सीचं आवरण असलेल्या सळईला काही मानकं पकडीची लांबी दीडपटीपर्यंत वाढवायला सांगतात. बीमच्या टोकाला किंवा लॅपच्या, म्हणजे दोन सळ्या एकमेकींशेजारी ठेवून जोडलेल्या, जागी रंगाची बादली घेऊन चढणाऱ्याला थांबवायला हवं.

बैठक

चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले, आकड्यांना पक्के. त्यांनी अहवालातली नेमकी ओळ काढून ठेवली होती. "अहो साहेब, चार टक्के झीज तुम्हीच लिहिलीत. ९६ टक्के सळई शाबूत आहे. मग प्रॉप काढू नका, ताबडतोब काम करा, हे कशासाठी? स्लॅबचं आधी करू, बीमचं दिवाळीनंतर बघू."

मी त्यांच्यासमोर ती ढलपी ठेवली, शेजारी शाबूत भागातून काढलेला तुकडा ठेवला, आणि दोन्हींवर बोट फिरवून बघायला सांगितलं. मग फळ्यावर ९००, ३२० आणि ५८० हे तीन आकडे लिहिले. आकडेमोड त्यांनीच पुढे केली. "म्हणजे सळई आहे, पण धरलेली नाही," असं ते स्वतःशीच म्हणाले. त्यानंतर दिवाळीचा विषय निघाला नाही.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा राग वेगळा होता, आणि तो मला रास्त वाटला. "माझ्या संडासातून पाणी जातं म्हणून सगळं माझ्याच माथी मारू नका हं. दहा वर्षं मी अर्ज देतेय." अर्ज खरोखरच फाइलमध्ये होते. गळती हा एका घराचा खासगी प्रश्न समजून सोसायट्या तो त्या दोन घरांच्या भांडणावर सोडून देतात. गळणारी नहाणी ज्या बीमवर बसलेली असते तो बीम मात्र सगळ्या इमारतीचा असतो.

महापालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडणं, सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ. आम्ही सी-२बी दिलं, प्रॉप काम संपेपर्यंत न हलवण्याच्या अटीवर, आणि काकूंच्या घराची मागची बाजू कामापुरती वापरातून काढून. इमारतीचे कॉलम चांगले होते, बाकीचे बहुतेक बीम ठीक होते. संडासाखालचे सगळे बीम तपासल्यावर आणखी दोन ठिकाणी हीच अवस्था मिळाली.

काम

आधी वरची ओल बंद केली. नहाणी ट्रॅप, पाइप, वॉटरप्रूफिंग सगळं नवं. विटांच्या तुकड्यांचा जुना कोबा काढून हलका भराव टाकला, त्यामुळे बीमवरचं वजनही उतरलं. हे न करता खालून बीम दुरुस्त करणं म्हणजे पैसे पाण्यात.

मग एका वेळी बीमचं एकच टोक. हलक्या ब्रेकरने काँक्रीट सळईच्या मागे बोट फिरेल इतकं, साधारण २५ मिमी, काढलं. सळईच्या फक्त पुढच्या अंगाचं काढून भरलं तर नवं काँक्रीट तिला कवटाळू शकत नाही, पाठीमागची जुनी पूड तशीच राहते. लांबीने भेग संपते तिथे न थांबता स्वच्छ सळई दिसेपर्यंत गेलो.

नव्या सळ्यांवरून ठेकेदाराशी चर्चा झाली. त्याचं म्हणणं, प्रत्येक टोकाला एकेक २० मिमीची टाकू, ड्रिलिंग कमी. पोलादाच्या हिशेबात तो चुकत नव्हता. पण एका २० मिमीच्या सळईचा परीघ ६३ मिमी, आणि जवळजवळ तेवढंच पोलाद देणाऱ्या तीन १२ मिमीच्या सळ्यांचा मिळून ११३ मिमी. पकड परिघावर मिळते. कॉलमची रुंदी अवघी २३० मिमी असल्यामुळे आत लांबी वाढवायला वाव नव्हता, तेव्हा १२ च्या तीन घेतल्या. स्कॅनरने कॉलमच्या सळ्या शोधून त्यांच्यामध्ये भोकं पाडली, हवेने आणि ब्रशने झाडून इपॉक्सीने सळ्या बसवल्या. भोकात धूळ राहिली तर केमिकल अँकर धुळीला चिकटतो, काँक्रीटला नाही, म्हणून झाडण्याच्या वेळी आमचा माणूस तिथे उभा होता. जुन्या टोर सळईला कुठेही वेल्डिंग करू दिलं नाही. पिळ देऊन आलेली तिची ताकद उष्णतेने उतरते.

नव्या रिंगा ८ मिमीच्या, १०० मिमी अंतराने, स्लॅबमधून भोकं पाडून बीमला पूर्ण वेढणाऱ्या. दोन्ही बाजूंच्या जुन्या काँक्रीटच्या कडेला जस्ताचे बलिदानी अ‍ॅनोड, म्हणजे सळईऐवजी स्वतः गंजणारे तुकडे, सळईला बांधले, म्हणजे आधीच्या पॅचसारखा गंज पुन्हा शेजारी सरकणार नाही. मग शटरिंग करून वरून मायक्रो काँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं आपोआप पसरणारं काँक्रीट, ओतलं. करणीने थापून भरलेलं मॉर्टर इतक्या सळ्यांच्या मागे पोचत नाही. शटर काढल्यावर गोणपाट गुंडाळून आठवडाभर ओलं ठेवलं. क्यूबचे, म्हणजे त्याच काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांच्या ताकदीचे, निकाल आल्यावरच प्रॉप सैल केले, तेही एकदम न काढता एकेक करून.

स्लॅबचा उघडा भाग त्यानंतर भरून घेतला, आणि शेवटी पार्किंगच्या सगळ्या छताला कार्बनेशन रोखणारा लेप दिला.

पुढची सोय

जिन्याच्या दोन लँडिंग बीमच्या टोकांना सळईच्या रेषेत केसाएवढ्या भेगा आहेत. ठोकल्यावर आवाज अजून चांगला येतो, हाफ-सेलचे आकडे मधल्या, अनिश्चित पट्ट्यात आहेत. ते बीम उघडले नाहीत. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख घातली आहे, गेजने रुंदी नोंदवली आहे, आणि त्यावर रंग मारायचा नाही असं रंगाऱ्याच्या कंत्राटात लिहून घेतलं आहे. दर पावसाळ्यानंतर सेक्रेटरी ताईंनी पट्टी शेजारी धरून फोटो काढायचा. भेग खुणेच्या पुढे सरकली, रुंदी ०.३ मिमीच्या वर गेली किंवा तपकिरी डाग बाहेर आला, यांतलं एक जरी दिसलं तरी पुढच्या ऑडिटची वाट न बघता आधी प्रॉप लावायचे आणि मग आम्हाला कळवायचं. प्रॉप आणि फळ्या सोसायटीने विकत घेऊन मीटर रूमच्या मागे ठेवल्या आहेत.